बांधापलीकडचं सोयाबीन

प्रिय शेजारणीस,

चारचौघांत तुला वहिनी म्हणतो, पण पत्रात आपलं शाळेतलं 'तू'च बरं वाटतं. नातवाचं तोंड डोळे भरून पाहून झालं का? इथं सगळं ठीक आहे, म्हणजे तू नसताना जेवढं ठीक असेल तेवढं. परवा तुझ्या लेकीचा फोन आला होता. आईनं आता आमच्याकडेच राहावं म्हणते, शेत तुम्ही खंडानं कसायला घ्याल का, असं विचारत होती. बघतो म्हणालो. त्याचं शेवटी लिहितो, आधी शेताची खबर घे.

वाटेकडच्या तुझ्या अर्ध्या रानात सोयाबीन फुलावर आलंय आणि विहिरीकडच्या अर्ध्यात मक्याला तुरे आलेत. दरसालची तुझी अदलाबदल मी मोडली नाही. सोयाबीनच्या बियाण्याला जिवाणू खत चोळून ओसरीवर सावलीत वाळवलं. लवकर वाळावं म्हणून माझा मुलगा ते उन्हात पसरायला निघाला, तेव्हा जिवाणू मरतील म्हणून त्याच्यावर असा खेकसलो की सूनबाई म्हणाली, बाबा, अगदी पलीकडच्या मावशींसारखे बोललात. मला ती शाबासकीच वाटली. माती तपासून घेतली तेव्हा तुझ्या रानात गंधक कमी निघालं होतं, तेवढं शेणखताबरोबर दिलं. युरियाच्या गोणीला मात्र सोयाबीनच्या आसपास फिरकू दिलं नाही.

त्या युरियानं गेल्या साली माझी काय शोभा केली होती, ते तू विसरली नसशीलच. वर्षानुवर्षं एकाच रानात सोयाबीनवर सोयाबीन घेतलं, ते जोर धरेना म्हणून वर युरिया ओतला. पीक कमरेच्या वर गेलं. मी मिशीला पीळ देत बांधावरून फिरत होतो, आणि शेंगा बघायला वाकलो तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तू माझं एक झाड उपटून मुळं पुढं धरलीस, हवेतलं नत्र झाडाला देणाऱ्या जिवाणूंच्या गाठी शोधून सापडेनात. मग तुझं एक उपटलंस, मुळावरची गाठ नखानं फोडलीस, आत गुलाबी, म्हणजे जिवाणू कामाला लागलेले. वर ऐकवलंस, "आयतं मिळालं की कोण राबतंय? झाडाचंही तुझ्यासारखंच आहे." मला इतका राग आला की दोन दिवस बांधावर चहाला आलो नाही.

माझ्या सगळ्या रानात यंदा मका आहे. तू सांगतेस म्हणून नाही, असं पेरताना म्हणालो होतो, पण खरं तर तुझ्यामुळेच पेरला. लोक हसतील म्हणून सोयाबीनचं बियाणं मिळालं नाही अशी थापही मारली. आता तेच लोक मका बघायला येतात आणि मी तुझंच बोलणं माझं म्हणून खपवतो. सोयाबीनवरची कीड यंदा माझ्या रानात उपाशी मेली असेल.

काल सकाळी तुझ्या रानातलं एक झाड उपटलं आणि गाठ फोडली. गुलाबी निघाली. मी वळून "अगं, बघ" म्हणालो आणि बांधावर कोणी नव्हतं. फार सुनं वाटलं मला.

तर तुझ्या लेकीच्या प्रश्नाचं. बांधाला लागून रान मिळत असताना कुठला शेतकरी नको म्हणेल? मी म्हणतोय. तुझ्याशिवाय ते रान घेऊन काय करू? माझी बायको आणि तुझे ते, दोघांना जाऊन काळ लोटला, आणि आपण बांधाच्या दोन बाजूंनी भांडत म्हातारे झालो. माझ्याशी लग्न कर. जमीन तुझ्याच नावावर राहू दे, नातवाकडे मन होईल तेव्हा जा. मुलाला आणि सुनेला सांगून झालंय. सून म्हणाली, उशीरच केलात. तू नाही म्हणालीस तरी तुझं सोयाबीन काढून, वाळवून, नीट ठेवीन, हा शब्द. आणि हो असेल तर लांबलचक काही लिहीत बसू नकोस. माझ्या रानात काय पेरायचं हे आजवर मी कुणाला ठरवू दिलं नाही, तुला तर नाहीच नाही. पुढच्या हंगामात तिथं काय पेरू, तेवढं कळव.

तुझाच,
बांधापलीकडचा हट्टी