सहा कुंड्या आणि मिनासची माती

साल्तो, १२ फेब्रुवारी

सुल्माताईस धाकट्या एल्बियोचा मानाचा नमस्कार.

तुझी कंबर, भावोजींचा खोकला आणि तुमचा तो चावरा पोपट, सगळ्यांची मी मनापासून चौकशी केली असं समज. (पोपटाची आईने करायला लावली. मी केली नसती.) आता मुद्द्याचं. ऑगस्टमध्ये तू मोठ्या कौतुकाने तुमच्या मिनासहून बसने पाठवलेली दोन पोती माती सडकी निघाली. नुसती सडकी नव्हे, तिच्यात किड्यांची वसाहत नांदते आहे.

आपल्या घराला कायद्याने गांजाची सहा झाडं लावता येतात, सहाहींची रीतसर नोंद आहे, आणि ती मी चैनीसाठी लावत नाही हे तुला ठाऊक आहे. एप्रिलात फुलं, मेमध्ये मलम, जूनमध्ये थंडी. त्या मलमाशिवाय आईचे गुडघे तिला जिना उतरू देत नाहीत. गेल्या हिवाळ्यात मलम संपलं तेव्हा ती पाच आठवडे वरच बसून होती, आणि खालच्या मैत्रिणींशी पत्ते खेळता येईनात म्हणून तिने तो सगळा वेळ माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यात घालवला. पुन्हा तसा हिवाळा मला सोसणार नाही.

नाताळ होतो न होतो तोच गच्चीवरच्या झाडांची पानं पिवळी पडायला लागली. कुंडीला हात लावला की काळी चिलटं उठत आणि थेट नाकात शिरत. माती उकरली तर दोऱ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या मुळं कुरतडत बसलेल्या, घर आपलंच असल्यासारख्या. शेजारचा आदेमार (निवृत्त झाल्यापासून त्याला सगळंच कळतं) भिंतीपलीकडून म्हणाला, "बटाट्याच्या चकत्या ठेव रे, मुळं सोडून बटाट्याला लागतील." लागल्या. आठवड्यात तीन किलो बटाटे फस्त केले आणि वर मुळंही सोडली नाहीत. मग दालचिनीची पूड पसरली. गच्चीला तांदळाच्या खिरीचा वास सुटला, तो चिलटांना फार आवडला. मग पिवळे चिकट कागद टांगले. त्यांना पहिल्या दिवशी नऊ चिलटं आणि आदेमारची अर्धी मिशी चिकटली. शेवटी रोपं-खतांच्या दुकानदाराने अळ्या खाणारे सूक्ष्म कृमी दिले. डोळ्यांना दिसत नाहीत, फ्रिजमध्ये ठेवायचे. आईने पाकीट उघडून बघितलं. "एकही किडा नाही यात. नुसती भुकटी! फसवलं तुला, बावळटा," असं म्हणून तिने ते मोरीत ओतलं. आता आपल्या मोरीत एकही अळी नाही.

परवा मात्र मी कपडे वाळत घालत होतो आणि सगळा उलगडा झाला. आई तिचा ‘माते’चा कडू चहा पिऊन उठली, पेल्यातला पाल्याचा ओला चोथा तिने कुंडीत झटकला आणि वरून मातीला थोपटलं, बाळाला थोपटावं तसं! मी उकरून पाहिलं. बोटभर चोथा, ओलाचिंब, आणि त्यात चिलटांचं बाळंतघर. मी म्हटलं, "आई, हे काय चालवलंयस?" तर म्हणते, "खत आहे ते. माझ्या आईच्या जिरेनियमनी याच्यावर बक्षिसं मिळवली. तुझ्या दुकानदाराला विचार, त्याने काय मिळवलंय!" सहावी कुंडी धुण्याच्या टाकीमागे आहे, तिथे कोणाचा हात पोचत नाही. ते एकटंच झाड हिरवंगार आहे. शहाऐंशी वर्षांच्या बाईला यावर काय म्हणायचं, ते तूच सांग.

थोरल्यांना नमस्कार, पोपटाला (आईकडून) प्रेम.

तुझा,
एल्बियो

ता. क. सहाही कुंड्यांत तुझीच माती आहे हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. तेव्हा मातीबद्दलची तक्रार मी काही अंशी मागे घेतो. पण नव्या वर्षाच्या जेवणात ती सगळ्या चुलतभावंडांना सांगून झाली आहे, आता ती खोडत बसू नकोस.

आणखी एक. अळ्या मराव्यात म्हणून कुंड्यांतली वरची माती तीन-चार आठवडे कोरडीठाक ठेवायची आहे. आई इथे असताना ते होणं नाही. तिला महिनाभर तुझ्याकडे ने. तुला तिची फार आठवण येते असं मी तिला सांगून ठेवलंय. गुरुवारचं तिकीटही काढलंय.

सुल्मा, पाकीट चिकटवायला याने माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. मी कुठेही येत नाही. कुंड्यांत सकाळचा एक चोथा माझा, दिवसभराचे चार याचे. ते याने लिहिलेलं दिसत नाही. गुरुवारच्या बसने यालाच पाठवते, एप्रिलपर्यंत ठेवून घे. मला जूनमध्ये खाली पत्ते खेळायला जायचंय. — आई