बाईसाहेबांची भूक

म्युन्स्टर, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारनंतरचा मंगळवार

प्रिय टिली,

शाळेत सिस्टर कुनिगुंडांच्या प्रयोगशाळेत आपण दोघी एका बाकावर बसून काचेच्या नळीनं चुन्याच्या निवळीत फुंकत होतो, ते आठवतं का गं? निवळी दुधासारखी पांढरी झाली तशा सगळ्या मुली थांबल्या. तू मात्र गाल लाल होईस्तोवर फुंकत राहिलीस आणि पाणी पुन्हा नितळ झालं. "ऑटिलिए, तुझ्या हट्टापुढे दगडसुद्धा विरघळेल," असं सिस्टर म्हणाल्या होत्या. तो हट्ट ठणठणीत असणारच. कंबर कशी आहे ते कळव. माझ्या गुडघ्यांची चौकशी इतक्यात करू नकोस.

लांबर्टला जाऊन दोन वर्षं होत आली. दिवाणखान्यातली त्याची खाऱ्या पाण्याची टाकी मी अजून सांभाळते, ती मुख्यतः बाईसाहेबांसाठी. (तू त्यांना शेवटचं पाहिलंस तेव्हा त्या मुठीएवढ्या होत्या. आता ते जांभळं प्रवाळ हरणाच्या शिंगांसारखं फांद्या फोडत केकच्या मोठ्या ताटाएवढं झालं आहे.) लांबर्टनं नखाएवढा तुकडा आणला होता. रोज सकाळी तो आधी बाईसाहेबांना सुप्रभात म्हणायचा, मग मला, आपल्या बायकोला. पुढे पुढे मला त्याचा राग येईनासा झाला आणि आता तर त्याच्या वाटचं सुप्रभात मीच म्हणते.

प्रवाळ आपली हाडं पाण्यातल्या चुन्यातून बांधतं, म्हणून पाण्यातला जेवढा चुना ते खातं तेवढा रोज परत घालावा लागतो. लांबर्ट बरणीतून चुन्याची निवळी थेंब थेंब सोडायचा. मीही तेच करत आले, पण बाईसाहेबांची भूक वाढली, निवळी पुरेना, आणि फांद्यांची टोकं फिकी पडू लागली. लांबर्टच्या प्रवाळ पाळणाऱ्यांच्या मंडळानं बजावलं की ईस्टरपर्यंत धड पद्धत ठरवा, नाहीतर बाईसाहेबांना मंडळाच्या टाकीत हलवू. मंडळाची टाकी रेल्वे स्टेशनमागच्या तळघरात आहे. लांबर्टच्या बाईसाहेब तळघरात!

सल्ला द्यायला मंडळाचे दोन दिग्गज तयार होते. टेरहोर्स्ट यांची पद्धत म्हणजे प्रवाळाचा चुरा भरलेलं भांडं आणि गॅसचं नळकांडं. गॅसनं चुरा विरघळतो आणि ते पाणी टाकीत जातं (म्हणजे तुझी फुंकरच, फक्त सिलिंडरातली). नॉटबेक यांची पद्धत म्हणजे क्षारांचे तीन कॅन आणि मोजून देणारा पंप. या पद्धतींपायी दोघं मंडळाच्या बैठकीत कैक वर्षं टेबलाच्या एकाच बाजूला बसलेले नाहीत. मी भाबडेपणानं गेल्या महिन्यात दोघांनाही एकाच रविवारी कॉफी आणि केकला बोलावलं. केकपुढे कोण भांडतं, असं मला वाटलं.

मी केकवरची साय फेटायला स्वयंपाकघरात गेले. तेवढ्यात टेरहोर्स्टनी "नुसतं दाखवायला" आपलं यंत्र जोडलं. ते हात धुवायला गेले, तर नॉटबेकनी "बिचारीला थोडी मदत" म्हणून कॅन ओतले. मी साय घेऊन आले तर टाकीत चुन्याचा बर्फ पडत होता. पाणी पांढरं धोप, बाईसाहेब दिसेनात.

"अहो, ओतलंत तरी किती?" टेरहोर्स्ट म्हणाले.

"तुमच्या डबड्यानं पंपाला जागा ठेवली असती, तर मोजून सांगितलं असतं!" नॉटबेक उसळले.

मला तुझे लाल गाल आठवले. नळी हाताशी नव्हती, पण टेबलावर बुडबुड्यांच्या पाण्याच्या बाटल्या होत्या, त्यांतही तोच गॅस. मी स्टुलावर चढले (या गुडघ्यांनी!) आणि बाटलीमागून बाटली टाकीत ओतली, त्या दोघांच्या पेल्यांतलंसुद्धा.

"फ्राउ हेल्मिश, ते पिण्याचं पाणी आहे!" टेरहोर्स्ट ओरडले.

"मग पिऊ द्या की बाईसाहेबांना!"

पुढे दोघांनी कोट काढले आणि मुकाट्यानं बादल्यांनी पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी टाकी नितळली. दोन फांद्या मेल्या, बाकी बाईसाहेब जिवंत आहेत. (टेरहोर्स्ट म्हणतात गॅसनं वाचवलं, नॉटबेक म्हणतात बादल्यांनी.)

त्या दोन पांढऱ्या फांद्या मी हातात घेतल्या, आणि पद्धत ठरली. लांबर्टनं बाईसाहेबांना कधी कात्री लावू दिली नाही. मी लावू देणार आहे. कापलेल्या फांद्या दुसऱ्यांच्या टाक्यांत रुजल्या की इथली भूक आटोपशीर होईल आणि लांबर्टची निवळी पुरेल. शिवाय उद्या माझ्या टाकीत पुन्हा बर्फ पडला, तरी बाईसाहेब कुठेतरी असतीलच.

तुझी मावसबहीण,
रोझविटा

ता. क. पाहुणे येणार म्हणून त्या सकाळी मी निवळीही दुप्पट सोडली होती. त्या दोघांना सांगू नकोस. अजून एकमेकांची माफी मागताहेत, आणि आता एकाच बाजूला बसतात.

आणखी ता. क. जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तीन आठवडे निवळी सोडायला तू ये; तुझ्याखेरीज कुणावर भरवसा नाही. डावी फांदी टेरहोर्स्टना, उजवी नॉटबेकना. तुझ्या औषधाच्या दुकानातल्या काटेकोर नजरेनं सारख्या काप, नाहीतर ते मोजतील. मधली तुला. आणि मी भुलीतून उठलेच नाही (डॉक्टर हसतात, हसू देत), तर केकचा साचा नॉटबेकच्या बायकोला, रिकाम्या बाटल्या टेरहोर्स्टना, निवळीची बरणी आणि उरलेल्या बाईसाहेब तुला. टाकीसमोरची लांबर्टची खुर्ची मात्र कुणालाही देऊ नकोस. तिच्यात तू बस. पण आधी बाईसाहेबांना सुप्रभात म्हण.