राज्य कोणाचे?

देवास, कार्तिक वद्य पंचमी, तिन्हीसांजा

विनायकाचे नाव आज शाळेतून काढले, आणि मी गप्प राहिलो!

आमच्या राज्यशास्त्र मंडळाच्या उद्देशपत्रात पहिला प्रश्न मी घातला होता: 'राज्य कोणाचे?' मनात एवढेच की, गाव एक आणि महाराज दोन. रस्त्याची ही बाजू धाकट्या पातीच्या महाराजांची, ती थोरल्या पातीच्या महाराजांची, तर मधल्या रस्त्यावर राज्य कोणाचे? त्यावर जो उत्तम निबंध लिहील त्यालाच मानाने मंडळाचा सभासद करायचे, एवढाच बेत. हेडमास्तरांना त्यात इंग्रज सरकारविरुद्धचा डाव दिसला.

"कोणी लिहिले हे?"

नक्कल विनायकाने केलेली, अक्षर त्याचे. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मी."

नंतर शाळेच्या फाटकाशी मला म्हणतो, "जाऊ दे भिया, सवाल तर आपल्या रस्त्याचाच होता ना?"

राज्य कोणाचे! कुठून सुचले मला? उद्या खरे सांगू? मग बाबांची दरबारातली नोकरी? पण त्याचे काय? त्याची तर शाळाच गेली.

त्याचे घर समोरच, थोरल्या बाजूला. खिडकीतून दिसते आहे. नुसता रस्ता ओलांडायचा, आणि मी इथे बसून खरे काय ते या वहीत गिरवतो आहे. माझ्या अक्षरात.