हात न लावता

आप्पा,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. तुमचं वर्षश्राद्ध जवळ आलंय आणि तुमच्या भजनी मंडळानं मला गळ घातलीय, तुमच्या आठवणीत काहीतरी नवं बसव म्हणून. आपला धाकटा अरुण कीबोर्डवर बसणार, मी थेरमिन वाजवणार. रचना बरीचशी झालीय, शेवट काही केल्या जमत नाही. म्हणून आधी तुमच्याशी भांडून घेते.

थेरमिन तुम्ही पाहिलं नाहीत. विजेवर चालणारा लहानसा डबा, त्याला एक उभी दांडी आणि एक आडवी कडी. त्याला शिवायचंच नसतं! हात नुसता हवेत धरायचा. दांडीजवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. बेळगावात कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवता शिकवता मी स्वतःच जोडलंय. असलंच वाद्य का धरलं, विचारा की!

मला पहिल्यांदा पाळी आली त्या दिवशी तुम्ही पेटी उचलून वरच्या फळीवर ठेवलीत. "आता शिवाशीव नगं. पेटीचं सूर उतरत्यात," म्हणालात. चार दिवस सरले, तरी माझ्यासाठी पेटी खाली आली नाही. अरुणसाठी मात्र रोज संध्याकाळी यायची. त्याला तर कंटाळा! तो चुकायचा आणि मी आत भाकरी थापत ओठ चावायचे.

एवढं कसलं भय होतं हो? मी तुमच्यापेक्षा बरी वाजवीन याचं?

आणि ऐका. थेरमिनजवळ कुणी नुसतं येऊन उभं राहिलं तरी सूर हलतो. परवा आई चहा घेऊन आली, तर मी ओरडले, "आई, लांब हो!" तिनं कप दारातच ठेवला. "बापावर गेलीस बघ," एवढंच म्हणाली. मला रडू फुटलं, रागानं. तुमचं बोलणं माझ्याच तोंडून यावं?

अरुण म्हणतो, "आक्का, किती राग धरशील गं? माणूस गेलंय आता." त्याला काय जातंय! पेटी त्याला मिळाली. उघडून बघत नाही, ती गोष्ट वेगळी.

मंडळाची माणसं तीच पेटी हार घालून स्टेजवर ठेवणार आहेत, माझ्या शेजारी. हे कळलं आणि शेवट सापडला. कीबोर्ड थांबेल. मी हात दांडीपासून काढून तुमच्या पेटीकडे नेईन. सूर उतरत जाईल, अगदी तुम्हाला भीती होती तसा. आणि पेटीच्या वर वीतभर हात थांबेल.

लोकांना वाटेल, लेकीनं बापाला नमस्कार केला. वाटू दे. तुम्हाला मात्र वचन देते आप्पा, हात लावणार नाही. आता अडवायला कुणी नाही, तरी नाही.

जिला एकदाही 'बस, वाजव' म्हणाला नाहीत ती,
सुमन