सिग्नल नसलेल्या घरांची यादी

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. काल अंबिकावहिनीशी बोललो. सिमरोलकडचे तू सांभाळतोस ते तिन्ही मोबाइल टॉवर कंपनी बंद करतेय, महिनाअखेर तुझं काम संपणार, असं म्हणाली. ऐकलं, आणि राजेंद्र नगरच्या नाक्यावर दोन प्लेट पोहे खाल्ले. काहीच वाटलं नाही. अजून वाटत नाहीये. पोह्यांवर जीरावन मसाला जास्त पडला होता, तेवढं आठवतंय.

माझ्या नव्या कामाचं तुम्हाला डिलिव्हरी म्हणून सांगितलं होतं. ते डिलिव्हरीचं नाहीये. छतावर छोटी डिश लावायची, तोंड आकाशाकडे, नेट थेट उपग्रहातून. ना टॉवर, ना केबल. माझ्यासोबत डिश लावणारा यतीन म्हणतो, भिया, पाच साल रुक, सगळे टॉवर भंगारमध्ये. मी हसलो होतो. तेव्हा तू आठवलाही नाहीस, खरं सांगतो.

परवा सिमरोलच्या पुढे शारदाबाईंकडे गेलो. मुलीशी बोलायला पाण्याच्या टाकीवर चढतात म्हणून तू सांगायचास, त्याच. आता ओट्याशी बसून फोनवर मुलीचं तोंड बघतात. त्यांच्या मांजरीला तीन पिल्लं झालीत, एक अगदी भुरं. हां, तर आडनाव ऐकून त्यांनी विचारलं, तुमचे भाऊ का नाही आले, ते तर फोन हातात धरून शेतभर फिरायचे. मी म्हटलं, बिझी आहेत.

सुट्टीच्या दिवशी तू गाडी काढून, दर चार पावलांवर थांबून, सिग्नल कुठे मरतो ते बघायचास आणि घर, कोपरा, सगळं वहीत लिहायचास. एक छोटा टॉवर मिळावा म्हणून ती यादी तू कंपनीला तीनदा पाठवलीस. उत्तर आलं नाही. मग त्याच बेचाळीस घरांवर, त्याच क्रमाने, डिश लागल्या. त्यांचं बघून गावानेही तुमच्या कंपनीचं सिम सोडलं.

वहिनी म्हणाली, यादी तुझ्या जयसिंगराव साहेबांनीच डिशवाल्यांना फोडली असं तू धरून बसलायस. सोमवारी त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार देणार आहेस. दादा, तुझी देवासला बदली व्हावी म्हणून तेच साहेब धडपडतायत. तक्रार गेली की तेही संपलं.

यादी मी दिली. दिवाळीला जुनी इंदूरला तुमच्या घरी आलो तेव्हा वहीच्या पानांचे फोटो काढले. तू खाली गाडी धूत होतास. मला गिऱ्हाइकं शोधत घरोघर हिंडायचा कंटाळा आला होता, बस, एवढंच कारण. तुला विचारावं, हेही डोक्यात आलं नाही. साहेबांना यातलं काही माहीत नाही. तक्रार द्यायचीच असेल तर माझ्या नावाने दे आणि हे पत्र सोबत जोड. म्हणून खाली पूर्ण नाव लिहितोय.

तू म्हणशील तोवर तुझाच,
देवांश शंकरराव जगदाळे