एकदा हो, दोनदा नाही

४ मार्च
पुन्हा लाल! ‘पाणी हवं?’ विचारलं. त्याने बटण एकदाच दाबलं, मी बोटावर नजर ठेवून होते — तरी लाल दिवा.
एक दाब म्हणजे हो, हिरवा. दोन म्हणजे नाही, लाल. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर नवऱ्याकडे एवढी दोनच उत्तरं उरलीत, आणि त्यातलं एक माझं यंत्र खातंय. बटणातली धातूची पट्टी दाबताना थरथरते, त्याचं बोटही थरथरतं. प्रोसेसरला एकाचे चार दाब दिसतात.
सासूबाई रोज येतात बघायला. “वीस वर्षं कंपनीत हीच बटणं बडवलीस ना गं? मग?”

५ मार्च
जमलं! पहिल्या दाबानंतर तीनशे मिलिसेकंद काही मोजायचंच नाही. थरथर गाळली जाते. ‘नाही’चा दुसरा दाब तो पाऊण सेकंदाने देतो, तो बरोबर पकडला जातो.
पाणी — हिरवा. उशी उंच करू — हिरवा. मी रडलेच.

११ मार्च
आंघोळ? लाल. गोळी? लाल. हातापायांचे व्यायाम? लाल. मी जवळ बसू? लाल!
वाचा होती तेव्हाही हेच. फक्त आवाज मोठा होता.

१२ मार्च
तीनशेचे बाराशे केले. एक आकडा बदलला, बस्स. आता त्याचा दुसरा दाब मोजलाच जात नाही.

१३ मार्च
आंघोळ — हिरवा.
त्याने दिव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पुन्हा दोनदा दाबलं. हिरवा.
“शहाणा माझा तो,” म्हणाले आणि स्पंज पिळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. साबण गेला असेल.

१९ मार्च
नणंद आली होती. “वहिनी, दादा किती निवळलाय गं! सगळ्याला हो म्हणतोय!”
ती गेल्यावर मला राहवलं नाही. “मी नीट करते ना रे तुझं?”
हिरवा.
कसा आला ते मलाच ठाऊक. तरी बरं वाटलं.

२२ मार्च
नणंदेसमोर सासूबाईंनी त्याचा हात हातात घेतला. “बाळा, माझ्याकडे येतोस राहायला? कायमचा?”
हिरवा.
“बघ, तुझंच यंत्र सांगतंय,” म्हणाल्या. “आता तरी सोड त्याला.”
काय सांगणार? की त्याला नाही म्हणताच येत नाही, मी तशी सोयच ठेवली नाही?
उद्या दहाला गाडी येणार.

२३ मार्च, सकाळी सात
झोप नाही. सांगून टाकणार आहे. सासूबाई थुंकतील तोंडावर, थुंकू देत — पण त्याला जाऊ देणार नाही. नुसत्या बोलण्यावर विश्वास कोण ठेवणार? चिपमध्ये गाळण्याआधीचा प्रत्येक दाब वेळेसकट साठतो. ती नोंद उतरवून घेते. कालचे दोन दाब त्यांच्यापुढे ठेवते.

साडेसात
थरथर वगळली तर आंघोळीला दोन. गोळीला दोन. ‘नीट करते ना’ला दोन.
कालच्या प्रश्नाला एक. पुढे दहा सेकंद काहीच नाही.