घरची मोटार अंगणात

विनताच्या आजोबांना, तिच्याच हातानं लिहवलेला आजीचा नमस्कार.

चष्मा कपाळावरच असेल, तो आधी डोळ्यांवर घ्या.

सगळे खुशाल आहोत. आपल्या अच्युतची मोटार इथं अधारतालच्या चौकात दूधवाल्याच्या स्कूटरला धडकली. लागलं कोणालाच नाही. पण विमा स्वस्तातला निघाला. त्यात समोरच्याचं भरून देतात, आपल्या गाडीचं नाही. अगदी तुमच्यासारखा: गावाची कामं आधी, घरचं मग.

दूधवाला दुरुस्त स्कूटरवर हिंडून राहिला. मला दिवाळीला नागपूरला घरी आणणारी मोटार मात्र अंगणात पडून आहे, आणि बस माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. सगळे कामाला गेले की मी मोटारीतच जाऊन बसते. तिचं तोंड नागपूरच्या रस्त्याकडे आहे.

तुम्ही जेवता ना वेळेवर?

कोणी इकडे येत असेल तर वाळवणातल्या ज्वारीच्या खारोड्या पाठवा. मूठभरच पाठवा. डबा भरून आला तर मी समजेन, तुम्ही मला इथंच ठेवून राहिले.